पासबुकात न आलेली ओळ

श्रोतेहो, नमस्कार.

गेल्या चवथीच्या आधीची गोष्ट. गणपतीवर बांधायच्या माटोळीचं सामान घ्यायला वहिनी आणि मी साखळीच्या बाजारात गेलो होतो. वहिनीनं सुपारीचा घड उचलला, भाव विचारला आणि हळूच खाली ठेवला. नारळांपाशीही तेच. मी विचारलं, "वहिनी, काय झालं?" ती म्हणाली, "गृह आधारचे सरकारी पैसे येईनासे झालेत गो. तीन महिने झाले."

हे तिनं घरात कोणालाच सांगितलं नव्हतं. भावकीतल्या कोणीतरी तक्रार केली असणार, असं तिनं मनाशी धरलं होतं. विचारायला गेलो तर आधीचे पैसेसुद्धा परत मागतील, ही भीती होतीच. म्हणून तीन महिने ती गप्प राहिली. मला आज बोलायचं आहे ते या गप्प राहण्याबद्दल. माझ्या ओळखीच्या कितीतरी बायकांचं नुकसान पैसे थांबण्यापेक्षा या गप्प राहण्यानं जास्त झालंय.

गृह आधार योजना आपल्याकडे गोव्यात २०१२ साली सुरू झाली, मनोहर पर्रीकर मुख्यमंत्री असताना. वाढत्या महागाईत गृहिणीच्या हातात थोडा आधार असावा, हा हेतू. आधी महिन्याला १,००० रुपये होते, पुढे १,५०० झाले. ज्या घरात दुसरी कमाई बेताची, तिथं या रकमेवर गॅसचा सिलिंडर येतो, मुलाच्या शिकवणीची फी जाते. मात्र योजनेला अटी आहेत: गोव्यात १५ वर्षांचं वास्तव्य आणि नवरा-बायकोचं मिळून वर्षाचं उत्पन्न ३ लाखांच्या आत. अटी आहेत म्हणजे पडताळणी होणारच. ती होऊ नये असं मी म्हणणार नाही, कारण खोटं नाव यादीत राहिलं तर खऱ्या गरजू बाईची वाट अडते. पण पडताळणीत नाव अडकलं म्हणजे आपण चोर ठरलो असं नव्हे. सरकारनं एक प्रश्न विचारलाय आणि त्याला उत्तर द्यायचं आहे, एवढंच.

पैसे आले नाहीत की पहिल्यांदा शेजारी विचारा. वाड्यावर इतर बायकांचे आलेत का? कोणाचेच आले नसतील तर हप्ता सगळ्यांचाच लांबलाय, तुमच्या फाइलशी त्याचा संबंध नाही. इतरांचे आले आणि तुमचेच नाहीत, तर पासबुक घेऊन बँकेत जा आणि एंट्री मारून घ्या. मोबाइलवर मेसेज आला नाही म्हणून पैसे आले नाहीत असं धरू नका.

बँकेत विचारायचं काय? खातं चालू आहे का, केवायसी पुरी आहे का, आणि आधार कार्ड कुठल्या खात्याला जोडलंय. काही योजनांचे पैसे खाते क्रमांकावर येतात, काहींचे आधार क्रमांकावर. आधारवर येणारे पैसे सगळ्यात शेवटी जोडलेल्या एकाच खात्यात पडतात. तुम्ही मध्येच कधीतरी दुसरीकडे खातं उघडलं असेल तर पैसे तिकडे जमा होत असतील आणि तुम्ही जुनंच पासबुक उलटत बसला असाल. २०२० साली कॉर्पोरेशन बँक युनियन बँकेत आणि सिंडिकेट बँक कॅनरा बँकेत गेली. त्यानंतर शाखांचे आयएफएससी कोडही बदलले. जुना कोड अर्जात तसाच राहिला असेल तरी अडचण होऊ शकते.

वहिनीचं बँकेत सगळं ठीक निघालं, म्हणजे अडलं होतं योजना चालवणाऱ्या सरकारी खात्याच्या कार्यालयात. दुसऱ्या दिवशी आम्ही सकाळची कदंबा बस पकडून पणजीला गेलो. काउंटरवरचा पहिला शब्द होता, "पडताळणीत आहे." तेवढ्यावर वहिनी परत फिरायला लागली होती. मी म्हटलं, थांब. पडताळणीत कशासाठी? कुठला कागद हवाय? तेव्हा फाइल निघाली.

फाइलमध्ये तिची तीन नावं होती. लग्नाच्या नोंदीत माहेरचं नाव. सासरी आल्यावर नावही बदललं आणि आडनावही, ते बँकेत. आणि आधार कार्डावर सासरचं आडनाव, पण नाव माहेरचंच. आपल्याकडे किती घरांत असं आहे! सासरच्या माणसांनी तांदळात नवं नाव लिहिलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि वीस वर्षांनी त्या नावासाठी बाईला काउंटरवर उभं राहून मी ती मीच, हे सिद्ध करावं लागतं. याचं मला खरंच वाईट वाटतं. उपाय आहे: नोटरीसमोर 'वन अँड सेम'चं अफिडेविट, म्हणजे ही सगळी नावं एकाच बाईची असं शपथपत्र, करायचं, जोडीला लग्नाचा दाखला. पण तो सवडीनं आधीच करून ठेवा. मुलींची लग्नं ठरवणाऱ्यांनो, नाव बदलायचंच असेल तर सगळीकडे एकदमच बदला.

कागद देताना एक गोष्ट विसरू नका. अर्जाची दुसरी प्रत न्या आणि तिच्यावर आवक शिक्का, म्हणजे अर्ज मिळाल्याचा शिक्का, तारीख आणि नंबर घ्या. तोंडी सांगितलेलं कोणाच्या लक्षात राहत नाही. अर्ज मराठीत लिहा, बिनधास्त लिहा, गोव्याच्या १९८७ च्या राजभाषा कायद्यानं सरकारी कामात मराठीला जागा दिलेली आहे. अर्जात तीन गोष्टी विचारा. पैसे कुठल्या महिन्यापासून थांबले? कुठल्या कारणानं? आणि थकलेले हप्ते मिळणार का? तिसरा प्रश्न बायका हमखास विसरतात. हप्ता सुरू झाला की त्याच आनंदात मागचं राहून जातं.

उत्तरच आलं नाही तर माहितीच्या अधिकारात अर्ज करा. फी १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. नाव वगळण्याचा आदेश निघाला असेल तर त्याची प्रत मागा. कायद्याची मदत लागली तर विधी सेवा प्राधिकरणाकडे जा, तिथं बाईला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. त्यांचा फोन नंबर १५१०० आहे.

दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेचे पैसे घेणाऱ्या आजी-आजोबांसाठी एवढंच, की हयातीचा दाखला दरवर्षी वेळेत द्या. घरातल्या तरुणांनी ती तारीख स्वतःच्या फोनमध्ये घालून ठेवावी.

आणि कोणी फोनवर सांगितलं, "तुमचा गृह आधार बंद पडलाय, सुरू करतो, ओटीपी सांगा," तर फोन ठेवा. सांगून बसला असाल तर लाजू नका, ताबडतोब सायबर फसवणुकीच्या १९३० या फोन नंबरवर कळवा.

घरचं उत्पन्न खरोखरच ३ लाखांवर गेलं असेल तर ते आपण होऊन कळवा. हे सांगणं जड जातं, मला माहीत आहे. पण वसुलीची नोटीस आल्यावर एकदम रक्कम उभी करणं त्याहून जड जातं.

वहिनीचा हप्ता पुढे सुरू झाला. पासबुकात ती ओळ छापून आली तेव्हा तिनं बँकेच्या बाकावर बसून चष्मा लावला आणि आकड्यावर बोट ठेवून ती पुन्हा पुन्हा वाचली. थकलेल्यातले दोन महिने मात्र अजून आलेले नाहीत. त्यासाठी परवा ती पुन्हा पणजीला जाऊन आली, या खेपेला एकटी. संध्याकाळी तिचा फोन आला तो आवक नंबर सांगायला. मी तो वहीत लिहून घेतलाय.