उंटावरचा शहाणा

(स्क्रीन काळा. फक्त इंजिनचा आवाज. ब्रर्रर्र... शांत... ब्रर्रर्र... शांत.)

हा आवाज ऐकून वाटेल की गाडीत पेट्रोल संपत आलंय आणि चोक देऊन ढकलतायत. तसं काही नाहीये. हे विमान लँडिंगला असंच येतं, इंजिन बंद, चालू, बंद, चालू. का ते सांगतो, पण आधी विमान बघून घ्या.

(विमान बाजूने.)

सॉपविथ कॅमल. पहिल्या महायुद्धात, 1917 मध्ये लढाईत उतरलेलं ब्रिटिश फायटर. दोन पंख एकावर एक, लाकडाचा सांगाडा, त्यावर ताणलेलं कापड, मधे तारा. पंखांची रुंदी साडेआठ मीटर, लांबी पावणेसहासुद्धा नाही. पायलट, पेट्रोल, गोळ्या सगळं धरून वजन 660 किलोच्या आसपास, म्हणजे रिकामी मारुती 800. मी नाशिकचा, आमच्या डोक्यावरून ओझरच्या कारखान्यातली सुखोई लढाऊ विमानं जातात, तर असे चार कॅमल नाकाला शेपूट लावून उभे केले की एका सुखोईची लांबी भरते.

नाव कॅमल कशामुळे, तर पायलटच्या पुढ्यात दोन व्हिकर्स मशीनगन, त्यांच्या मागच्या भागावर पत्र्याचं झाकण, आणि त्या झाकणाचा उंचवटा. बैलाचं वशिंड असतं ना, तसा. बघणाऱ्यांना उंट आठवला.

हे विमान मी गेममध्ये बनवलंय, ठोकळे आणि पाती जोडून विमान बनवायचं आणि मग उडवायचं असा गेम आहे. पहिलं मॉडेल चार संध्याकाळीत झालं. खालचा पंख टोकांकडे 5 अंश वर उचललेला, वरचा मात्र एकदम सपाट, कारण तो सपाट ठेवला की कारखान्यात बनवायला सोपा. समोरून बघितलं की दोन पंखांमधली फट टोकाकडे कमी कमी होत जाते, कॅमल ओळखायची ही पक्की खूण. तारा एकेक करून लावल्या, प्रत्येक तार म्हणजे एक पार्ट, फोन इतका तापला की पापड भाजावा. पण दिसायला अस्सल.

मग मी ते ओझरच्या काकांना दाखवलं. काका म्हणजे आमच्या जुन्या शेजाऱ्यांपैकी, एचएएलला, म्हणजे ओझरच्या सरकारी विमान कारखान्यात, मिगच्या लाइनवर नोकरी करून रिटायर झालेले. त्यांनी फोन हातात घेतला, टेकऑफ केलं, बोट काढून घेतलं आणि विमान आपलं सरळ चाललंय. काका म्हणाले, "अरे, हे तर फारच गुणी बाळ आहे. हे खरंच असं होतं का?"

नव्हतं. हीच तर गोची.

खरा कॅमल हात सोडला की सरळ राहायचाच नाही. सरळ उडताना शेपटी जड, त्यामुळे पायलटला स्टिक, म्हणजे विमान चालवायचा दांडा, सतत पुढे दाबून धरायला लागायची. इंजिन, गन, पेट्रोलची टाकी आणि माणूस, सगळं पुढच्या सव्वादोन मीटरच्या आत कोंबलेलं, म्हणून वळायला भिंगरी, पण शिकाऊ पोरांसाठी काळ. किती जण शत्रू दिसायच्या आधीच, ट्रेनिंगमध्ये गेले. पुढे त्यांच्यासाठी दोन सीटचा कॅमल काढावा लागला.

म्हणजे मला आता चांगलं उडणारं विमान बिघडवायचं होतं, आणि बिघडवणं बनवण्यापेक्षा अवघड निघालं. सीजी, म्हणजे सगळ्या वजनाचा तोल जिथे साधतो तो बिंदू, मागे घ्यायला शेपटीत वजन टाकलं तर गिरक्या खायला लागलं, गिरक्या थांबवायला शेपटीचं पातं मोठं केलं तर फोटोशी जुळेना, फोटोशी जुळवायला पंख पुढे सरकवले तर पायलटचं डोकं वरच्या पंखात घुसलं. गोष्टीत रेडकाची मान कापायला सांगून मग रांजण फोडायला लावणारा शहाणा आहे ना, उंटावरचा, तो मीच. शेवटी शेपटीतलं सगळं वजन काढलं, दोन्ही टोकं हलकी केली आणि जिथे खऱ्यात होतं तिथेच, मधे, सगळं ठेवलं. तेव्हा कुठे ते चळायला लागलं.

आता इंजिन. क्लर्जे नावाचं, 9 सिलिंडर, 130 हॉर्सपॉवर, रोटरी. आपल्या माहितीच्या इंजिनात बॉडी स्थिर आणि आतला क्रँक फिरतो. इथे उलटं, क्रँक विमानाला घट्ट बसवलेला आणि सगळं इंजिन, नऊच्या नऊ सिलिंडर, प्रोपेलरसकट गरगर फिरतं. नेहमीसारखा थ्रॉटल नाही, म्हणून उतरताना स्टिकवरचं बटण दाबून ठिणगी तोडायची, सोडलं की परत सुरू. सुरुवातीला ऐकला तो आवाज हाच.

आणि वंगण काय, तर एरंडेल. खरंच. ते पेट्रोलमध्ये विरघळत नाही म्हणून वापरायचे, आणि अर्धवट जळकं तेल एग्झॉस्टमधून मागे उडून थेट पायलटच्या तोंडावर. आमची आजी दर सुट्टीत नाक दाबून चमचाभर पाजायची, हे बिचारे फुकटात तासभर हुंगायचे, मग पोटाचं जे व्हायचं ते व्हायचंच.

यात आपला एक माणूस होता. हरदित सिंग मलिक, रावळपिंडीचे, ऑक्सफर्डला शिकलेले. आधी फ्रान्समध्ये अँब्युलन्स चालवली, मग 1917 मध्ये रॉयल फ्लाइंग कोअरमध्ये, म्हणजे ब्रिटिश सैन्याच्या विमानदलात गेले. पगडी काढणार नाही म्हणाले, तर पगडीवर बसेल असं मोठं हेल्मेट करून घेतलं. 28 स्क्वाड्रनमध्ये कॅमल उडवायचे. ऑक्टोबर 1917 मध्ये ढगाळ हवेत जर्मन विमानांनी गाठलं, पायात गोळी लागली, तरी विमान आपल्या बाजूला आणून पाडलं आणि वाचले. पुढे स्वतंत्र भारताचे फ्रान्समधले राजदूत झाले. जखमी पायाने, तेसुद्धा हे विमान, तेव्हा सतत स्टिक दाबून धरणं म्हणजे काय हे मला दोन अंगठ्यांनी उडवताना कळायची शक्यता नाही, पण माझं गुणी बाळ बघून मला लाजच वाटली.

तर इंजिन फिरतं म्हणजे नक्की काय होतं, हे मी व्हिडिओ बघून समजून घेत होतो. काकांनी हँड ग्राइंडर चालू करून माझ्या हातात दिला. म्हणाले, "लांब धर आणि आता झटकन उजवीकडे वळव." वळवला तर तो भलतीकडेच मान टाकायला लागला, मनगट पिळलं. म्हणाले, "हा केवढासा, आणि तुझं इंजिन?" दीडशे किलोच्या वर. रिकाम्या विमानाच्या वजनाचा एक तृतीयांशाहून जास्त भाग नाकावर गरगरतोय.

म्हणून कॅमल उजवीकडे वळवला की नाक खाली, डावीकडे वळवला की नाक वर. उजवीकडे इतका चटकन वळायचा की काही पायलट डावीकडे 90 अंश जायचं असलं तरी उजवीकडून 270 फिरून यायचे.

आमच्या गेममध्ये प्रोपेलर फक्त दिसायला फिरतो. पण पात्याला बटणाऐवजी छोटं गणित देता येतं. मग शेपटीच्या आत एक लपवलेलं पातं बसवलं आणि त्याला सांगितलं, नाक किती वेगात वळतंय गुणिले इंजिन किती जोरात, तेवढा वाक. ठिणगी तोडली की परिणाम गायब. आकडा जुळवायला तीन रविवार गेले, एकदा प्लसच्या जागी मायनस पडलं आणि विमान उलटंच वागत होतं, मला दोन दिवस पत्ता नाही.

(काकांच्या हातात फोन.)

हे परवाचं शूटिंग. टेकऑफ झालं. काकांनी सवयीने बोट काढलं, नाक वर गेलं, घाईने दाबलं. मग डावीकडे वळले, नाक अजून वर, स्पीड संपला, एक पंख खाली पडला आणि विमान गिरकी घेत शेतात.

काका काही बोलले नाहीत. चष्मा पुसला.

"परत लाव," म्हणाले, "आता उजवीकडून जातो."