सुयांनी कूस उजवते का?

(दृश्य : आंबा घाट, रत्नागिरीहून कोल्हापूरला निघालेली एसटी)

कोकणातल्या कितीतरी जोडप्यांना आयव्हीएफसाठी, म्हणजे शरीराबाहेर गर्भ तयार करून गर्भाशयात सोडण्याच्या उपचारासाठी, असा घाट चढावा लागतो. मांडीवर फायलींची पिशवी, इंजेक्शनं गार राहावीत म्हणून बर्फाचा डबा. ग्रामदेवतेला गाऱ्हाणं घालून झालेलं असतं. अशात कुणीतरी सुचवतं : ‘ॲक्युपंक्चर करून बघा, गुण येतो.’ ॲक्युपंक्चर म्हणजे अंगावर ठरावीक जागी बारीक सुया टोचण्याचा चिनी उपचार.

या सांगण्याला आधार होता. २००२ साली जर्मनीत १६० बायकांचा अभ्यास झाला. गर्भ गर्भाशयात सोडण्याआधी आणि सोडल्यावर २५-२५ मिनिटं मनगटाला, पायाला, डोक्याला, कानाला सुया. सुया लावलेल्या ४२.५ टक्के जणींना दिवस गेले, न लावलेल्या २६.३ टक्के. पण कुणाला सुया लागल्या आणि कुणाला नाही, हे त्या बायकांना ठाऊक होतं.

(दृश्य : बोथट टोकाची सुई, जवळून)

नुसत्या विश्वासानेही फरक पडू शकतो. म्हणून पुढे ही खोटी सुई आली. टेकते, पण कातडीत शिरत नाही. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमधल्या ८४८ बायकांचा अभ्यास २०१८ साली छापून आला. खऱ्या सुयांच्या गटात १८.३ टक्के जणींना मूल झालं, खोट्या सुयांच्या गटात १७.८. याला फरक म्हणता येत नाही. ॲक्युपंक्चरच्या माहेरी, चीनमध्ये, पीसीओएस (संप्रेरकं बिघडून पाळी अनियमित होण्याचा विकार) असलेल्या १००० बायकांवरही प्रयोग झाला. तिथे स्त्रीबीज सुटायला मदत करणाऱ्या क्लोमिफीनच्या गोळीने गुण आला, सुयांनी नाही.

अर्धा तास शांत पडून राहिल्यावर जीवाला बरं वाटतं, झोप लागते, असं बायका सांगतात. उपचारांच्या त्या धास्तीत एवढंही थोडं नाही. तेवढ्यासाठी जरूर जा. सुईचं पाकीट समोर फोडायला सांगा, आणि रक्त पातळ करणारं औषध चालू असेल तर आधी बोला.

मात्र ‘आधी सहा महिने सुया, मग डॉक्टर’ हे आम्हाला अजिबात पटत नाही. पस्तिशीनंतर स्त्रीबीजं झपाट्याने कमी होतात. गेलेले महिने कुठलीच सुई परत आणत नाही.

(दृश्य : रेल्वे स्टेशन, गणपतीची गर्दी)

आणि इथली एक गोष्ट. ती गावी, तो मुंबईत; भेट गणपतीला आणि शिमग्याला. मूल न होण्याचं कारण कधी कधी एवढंच असतं. तरी तपासण्या होतात त्या तिच्याच. त्याची वीर्यतपासणी साधी, कमी खर्चाची, तरीही वर्षानुवर्षं राहून जाते. त्यासाठी सणाची वाट बघायला नको. ती मुंबईतच होते.