हाताला पट्टी, गळ्यात शिट्टी

मित्रहो, आज सकाळी आपण बाबासाहेबांना अभिवादन केलं. ६ डिसेंबर या तारखेची आणखी एक आठवण आहे, ती सहसा कुणी काढत नाही. १९४६ साली याच दिवशी मुंबई प्रांतात होमगार्ड दल उभं राहिलं. मोरारजी देसाई तेव्हा प्रांताचे गृहमंत्री होते. दंगलींचे दिवस होते, पोलीस अपुरे पडत होते. आणि आपलं बेळगाव त्या वेळी मुंबई प्रांतातच होतं. म्हणजे ही गोष्ट आपल्या घरचीच.

नाव मात्र विलायतेतून आलं. १४ मे १९४०. हिटलरचं सैन्य हॉलंड, बेल्जियम तुडवत निघालं होतं, आणि आभाळातून छत्रीधारी सैनिक उतरवायची नवी तऱ्हा जगानं पाहिली होती. त्या रात्री युद्धमंत्री अँथनी ईडन रेडिओवर बोलले : १७ ते ६५ वयाच्या पुरुषांनी जवळच्या पोलीस ठाण्यात नाव नोंदवावं, पगार मिळणार नाही. भाषण संपायच्या आत काही ठाण्यांपुढे माणसं येऊन उभी राहिली. सरकारचा अंदाज होता दीड लाखाचा. जुलै संपेपर्यंत आकडा १० लाखांच्या वर गेला.

देण्यासारखं सरकारजवळ काही नव्हतं. गणवेश म्हणजे दंडाला एक कापडी पट्टी, त्यावर एल.डी.व्ही. ही तीन अक्षरं : स्थानिक संरक्षणाचे स्वयंसेवक. ‘होमगार्ड’ हे नाव जुलैत चर्चिल यांच्या आग्रहानं आलं. शिकारीच्या बंदुका, काठ्या, जे घरात होतं ते घेऊन लोक पहाऱ्याला जात. दिवसभर शेतात, खाणीत, कारखान्यात राबायचं आणि रात्री टेकडीवर उभं राहायचं. १९४१ मध्ये तर लोखंडी नळीला संगीन जोडून भाले बनवून घेतले. लोकांना ते फार लागलं. अपमान वाटला त्यांना, आणि तो वाटणं रास्तच होतं. जो माणूस जीव द्यायला तयार झाला, त्याच्या हातात तुम्ही काय देता यावरून त्याची किंमत कळते.

आणखी एक प्रसंग सांगतो. चर्चच्या घंटा तेव्हा बंद ठेवल्या होत्या. शत्रू उतरला तरच वाजवायच्या असा हुकूम होता. ७ सप्टेंबर १९४० च्या रात्री सैन्यानं ‘क्रॉमवेल’ हा संकेतशब्द पाठवला. अर्थ एवढाच, की आक्रमण जवळ आलंय, सज्ज राहा. काही गावांत होमगार्डनी तो शत्रू आलाच असा घेतला आणि घंटा बडवल्या. शत्रू आलाच नव्हता. चूक झाली खरी. पण माणसं अंथरुणातून उठून जागेवर जाऊन उभी राहिली, हेही खरं.

३ डिसेंबर १९४४ ला विलायतेतलं ते दल पहाऱ्यावरून उतरवलं. आपलं राहिलं.

१९५६ ला आपलं राज्य बदललं, बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं, माणसं त्याच गल्लीत राहिली. १९६२ ला चीननं हल्ला केला, तेव्हा देशभर एकसारखं होमगार्ड दल असावं असं केंद्रानं ठरवलं. म्हैसूर राज्यानंही त्याच वर्षी आपला कायदा केला. ब्रीद एकच, ‘निष्काम सेवा’.

बेळगावला युद्ध पेपरात वाचून कळलं नाही. मराठा लाईट इन्फंट्रीचं केंद्र इथंच, घरटी कुणी ना कुणी पलटणीत. १९६१ ला गोव्याच्या मोहिमेसाठी सैन्य इथंच गोळा झालं होतं. १८ डिसेंबरला सांबऱ्याहून उडालेल्या हंटर विमानांनी बांबोळीच्या वायरलेस केंद्रावर मारा केला. आपल्या इथून विमानं उडतात, तशी आपल्यावरही येतील, हे म्हाताऱ्याकोताऱ्यांनाही न सांगता कळत होतं.

म्हणून १९७१ चा, पाकिस्तानशी लढाईचा डिसेंबर मला आठवतो. मी नऊ वर्षांचा. वडील शहापुरात मागावर बसायचे, रात्री होमगार्ड. खाकी सदरा, गळ्यात शिट्टी, हातात काठी. टॉर्चच्या काचेला निळा कागद डकवलेला, मधे हरभऱ्याएवढं भोक. एका रात्री हट्ट करून मी त्यांच्यामागून गेलो. सगळ्या गल्लीत अंधार, माग बंद, इतकी शांतता मी शहापुरात कधी ऐकली नव्हती. एका घराच्या दाराच्या फटीतून तांबडा उजेड दिसत होता. वडिलांनी कडी वाजवली. आतून म्हातारी म्हणाली, “बाळंतीण हाय रे आत. शेगडी विझवू कशी, तूच सांग.”

नियम सरळ होता, उजेड दिसता कामा नये. वडील जरा थांबले. मग म्हणाले, “विझवू नका मावशी.” अंगावरची घोंगडी काढली, दाराला बाहेरून नीट ताणून बांधली, चार पावलं मागं जाऊन उजेड दिसतो का ते बघितलं, आणि पहाटेपर्यंत नुसत्या सदऱ्यावर फिरले. बेळगावची डिसेंबरातली थंडी तुम्हाला मी काय सांगू.

बाहेरगावचा शिपाई असता तर त्यानं हुकूम दिला असता, आणि त्याचं चुकलं असतं असंही मी म्हणणार नाही. पण कुठल्या घरात बाळंतीण आहे, कुणाला रात्री दिसत नाही, कुठल्या आडाला कठडा नाही, हे गल्लीतल्याच माणसाला ठाऊक असतं. माझ्या मते होमगार्डचं खरं हत्यार हेच. तिकडं विलायतेतही तेच होतं. पायवाटा, ओढे, कुंपणाची फट कुठं आहे, हे त्या गावच्या शेतकऱ्याला माहीत, सेनापतीला नाही.

पलटणीची दप्तरं असतात, पदकं असतात, हुतात्म्यांच्या नावांची शिळा असते. या लोकांचं काय राहिलं? ट्रंकेत घडी करून ठेवलेला पट्टा, नाहीतर मणी पडून गेलेली शिट्टी. वडील गेले तेव्हा ती शिट्टी माझ्या मुलाच्या खेळण्यांत सापडली, आणि मला फार लाज वाटली.

म्हणून तुम्हाला हात जोडून विनंती आहे. येत्या रविवारी चार वाजता मी याच खोलीत वही घेऊन बसणार आहे. अनगोळ, वडगाव, येळ्ळूर, खानापूर, निपाणी, कुठूनही या. घरात कुणी होमगार्ड असेल तर त्यांना घेऊन या, मराठी बोलू दे नाहीतर कन्नड. ते नसतील तर त्यांची वस्तू आणा. किटलेलं बक्कल असलं तरी चालेल. नाव, गल्ली, साल एवढं आधी लिहून घेऊ.