हेडफोन नंतर, आधी कान

मंडळी, विषय 'स्वमग्न (ऑटिझम असलेली) मुलं आणि ध्वनी-उपचार' असा छापलाय. तिकडे येतोच. पण आधी एक तक्रार. "आमचा कुकरच्या शिटीला कान झाकतो, म्हणजे ऐकू नक्की येतं!" हे वाक्य घरोघरी ऐकू येतं आणि कानाची तपासणी तिथंच बारगळते. अहो, कानाच्या पडद्यामागे पाणी साचलेल्या मुलालाही शिटी कळते, पण 'काका' आणि 'पापा' यातला फरक निसटतो. म्हणून आधी ओएई (अंतर्कर्णाचा प्रतिसाद मोजणारी तपासणी) आणि बेरा (आवाज नसेतून मेंदूकडे पोचतो का, हे आलेखात दाखवणारी), दोन्ही. नुसती ओएई चांगली आली म्हणून थांबू नका. अंतर्कर्ण ठीक असून पुढची नस अडलेली असू शकते, आणि ते बेरातच दिसतं.

बेरा बहुधा कशानं फसते, माहितीये? तेलानं! (हसू नका आज्जी, तुमचंच चाललंय.) कपाळावर आणि कानामागे इलेक्ट्रोड चिकटवायचे असतात. टाळूवर चोपडलेलं तेल तिथवर ओघळलं की ते धड बसत नाहीत आणि आलेखात नुसती खरखर येते. आदल्या दिवशी डोकं धुवा, तेल नको. दुसरं, बेरा मूल झोपलेलं असताना करतात, पण ते रिक्षात झोपतं आणि दारात टक्क जागं होतं. वाटेत जागं ठेवा, दूध तिथं पोचल्यावर. झोपेचं औषध द्यायचं ठरलं असेल, तर मात्र खाणंपिणं डॉक्टर सांगतील तसंच.

संयोजक घड्याळ दाखवताहेत. बरं, उपचार.

फ्रेंच कानतज्ज्ञ बेरार यांची पद्धत अशी: गाळणी लावलेलं (काही स्वर-पट्टे कमी केलेलं) संगीत हेडफोनवर, अर्धा तास, दिवसातून दोनदा, एकूण दहा तास. हे आणि तोमातिस या दुसऱ्या फ्रेंच कानतज्ज्ञांचं असंच ऐकवण्याचं तंत्र, दोन्ही मिळून सात चाचण्या, १८२ जण. २०११च्या कॉक्रेन आढाव्यात (कॉक्रेन म्हणजे उपचारांवरच्या चाचण्या एकत्र तपासणारी संस्था) फायद्याचा भरवशाचा पुरावा मिळाला नाही. पॅकेजचे पैसे भरण्याआधी एवढं विचारा: पलीकडे माणूस आहे, की नुसतं यंत्र? माझा कौल माणसाला. तोही आंधळा नव्हे. माणसासोबतच्या संगीतोपचाराची ९ देशांत ३६४ मुलांवर चाचणी झाली. २०१७ साली निकाल आला, पाच महिन्यांनी लक्षणांच्या तीव्रतेत फरक नव्हता. २०२२च्या कॉक्रेन आढाव्यात मात्र एकूण सुधारणेची शक्यता वाढलेली दिसते.

आता घरी काय, भराभर सांगतो. टीव्ही बंद. मुलासमोर, त्याच्या डोळ्यांच्या पातळीवर बसा. ओळखीचं बडबडगीत सावकाश म्हणा, शेवटचा शब्द गाळा, मनात दहापर्यंत मोजा. नजर, हात, हुंकार, काहीही आलं की शब्द पुरा करा. चुकतं ते इथं: आई तिसऱ्या आकड्यालाच शब्द म्हणून टाकते, नाहीतर "म्हण ना, म्हण ना" सुरू होतं. डफली एकच ठेवा. तुम्ही दोन थापा मारा, त्याच्या हातात द्या, परत येण्याची वाट बघा. कान झाकले तर डफली लांब, थाप हलकी. आवाज अडवणारे कानझाकण लग्नाच्या बँडपुरते. दिवसभर घातले तर साधे आवाजही बोचायला लागू शकतात.