काळोख पातळ, उजेड जाड

श्रोतेहो, नमस्कार. तैलरंग शिकायचे तर जुन्या उस्तादाचं चित्र उतरवून काढण्यासारखी तालीम नाही. आज इटालियन चित्रकार कॅराव्हाज्जोचा संत जेरोम, म्हणजे बायबलचा लॅटिन अनुवाद करणारा ख्रिस्ती संत, घेऊ. १६०५-०६ च्या सुमाराचं हे चित्र रोमच्या बोर्गेझे संग्रहालयात आहे. लाल वस्त्रातला म्हातारा लिहितोय. एकीकडे त्याचं टक्कल, दुसरीकडे कवटी, मागे नुसता काळोख.

मूळ चित्र साधारण ११२ बाय १५७ सेंटीमीटर, म्हणून ५० बाय ७० चा कॅनव्हास घ्या. प्रमाण जुळतं आणि चित्र उतरवायला चौकटी आखल्या, तर दहा सेंटीमीटरचे सात रकाने, पाच ओळी बरोबर बसतात. समोर छापील प्रत ठेवा; मोबाइलचा पडदा आतून उजळतो, त्यामुळे सावल्या फसवतात.

पांढऱ्या कॅनव्हासवर थेट रंगवू नका. टर्पेंटाइनमध्ये कोऱ्या चहाइतका पातळ केलेला बर्न्ट अंबर, म्हणजे गडद तपकिरी रंग, फिरवा, फडक्याने पुसा, वाळू द्या. मग रॉ अंबर या दुसऱ्या तपकिरी रंगाने सावल्या भरा. रंग ओला असतानाच बोटाला फडकं गुंडाळून कपाळ, खांदा, कवटीचा माथा पुसून काढा. डोळे किलकिले करून पाहिलंत, तर इथेच चित्र उभं राहिलेलं दिसायला हवं. नाही दिसलं, तर पुढचा कुठलाही रंग ते सावरणार नाही.

घोळ होतो काळोखात. आयव्हरी ब्लॅक हा काळा रंग सावकाश वाळतो. तो जाड थापून वर लवकर वाळणारा रंग चढवला, की तडे जातात. त्याऐवजी बर्न्ट अंबर आणि निळा अल्ट्रामरीन मिसळून पातळ लावा. जाडी उजेडासाठी राखा: टायटॅनियम व्हाइट, मातकट पिवळा यलो ऑकर, किंचित लाल. कपाळावर ब्रशचे फटके दिसू देत, घोटून मेण करू नका. अंधाराकडची कड मात्र विरघळू द्या.

पहिला थर टर्पेंटाइनचा, पुढच्या प्रत्येक थरात जवसाचं तेल थोडं वाढवत न्या.

आपल्या ठाण्याच्या पावसाळ्यात हे सगळं लांबतं. तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन वाळतं, दमट हवेत ते रेंगाळतं. बोटाला चिकटत असेल, तर थांबा. ओल धरणाऱ्या भिंतीला कॅनव्हास टेकवलात, तर मागून बुरशी येते. वाळल्यावर सावल्या निस्तेज दिसल्या, तर जवसाच्या तेलाचा पुसट हात फिरवून जादा तेल टिपा. नवा काळा रंग चढवू नका.

आणि तेलाची फडकी चुरगाळून डब्यात टाकू नका. ती आपोआप तापून पेट घेऊ शकतात. बाल्कनीत मोकळी पसरून वाळवा, नाहीतर पाण्यात बुडवून ठेवा.