स्वीडनच्या घरातले पाहुणे शब्द

नमस्कार श्रोतेहो. आज स्वीडनमधल्या एका घरात डोकावू या, परक्या भाषांतून आलेले शब्द शोधायला, आणि तेही खिडकीतून.

खिडकीला तिथे पूर्वी 'विन्दओगा' म्हणायचे. विन्द म्हणजे वारा, ओगा म्हणजे डोळा. जुन्या लाकडी घरांना काचा कुठल्या? धूर बाहेर जावा, थोडा उजेड आत यावा म्हणून ठेवलेलं ते भोक. व्हायकिंगांबरोबर हा शब्द इंग्लंडला गेला आणि त्याचा 'विंडो' झाला. डेन्मार्क आणि नॉर्वेतही तो टिकला. स्वीडनने मात्र आपल्या घरचा शब्द टाकला आणि 'फन्स्टर' जवळ केला. हा मूळचा लॅटिन, पण आला जर्मन व्यापाऱ्यांबरोबर.

हे व्यापारी हान्सा संघाचे, म्हणजे उत्तर जर्मन व्यापारी शहरांच्या संघाचे. ल्यूबेक या जर्मन बंदरातून त्यांची जहाजं मीठ आणि कापड घेऊन यायची, परतताना लोखंड, तांबं, लोणी न्यायची. स्टॉकहोमच्या नगरसभेत 1471 पर्यंत निम्म्या जागा जर्मनांच्या! मग स्वयंपाकघर कसं सुटेल? त्याचं 'श्योक' हे नाव आणि जेवणातल्या काट्याचं 'गाफेल', दोन्ही उत्तर जर्मनीची देणगी. सुरी, खुर्ची, टेबल यांची नावं तेवढी घरची राहिली. टेबलाला म्हणतात 'बूर्ड', म्हणजे मुळात नुसती फळी.

पुढे 18व्या शतकात दरबाराला फ्रेंच थाटाची भुरळ पडली आणि आरामखुर्ची 'फोतोल्य' झाली, छत्री 'पाराप्लि'.

पण खरी गंमत तुर्की शब्दांची. 1709 मध्ये पोल्टाव्हाच्या लढाईत रशियाकडून मार खाल्लेला स्वीडनचा राजा बारावा कार्ल ऑटोमन तुर्कांच्या मुलखात बेंडेर गावी जाऊन राहिला. पाहुणा वर्षानुवर्षं हलेना, वर उधारीही वाढलेली. शेवटी 1713 मध्ये यजमानांच्या सैन्यानेच त्याच्यावर चाल केली. त्या धुमश्चक्रीला स्वीडिश लोक 'कालाबालिक' म्हणतात. तुर्कीत याचा अर्थ गर्दी. आज पोरांनी घर डोक्यावर घेतलं तरी हाच शब्द! आणि 'डोल्मा', म्हणजे द्राक्षाच्या पानात सारण भरून केलेला तुर्की पदार्थ? कायसा वार्ग या बाईंच्या गाजलेल्या पाककृतींच्या पुस्तकात तो 1765 मध्ये सापडतो. द्राक्षाची पानं उत्तरेत कुठून आणणार? म्हणून कोबीच्या पानात सारण भरलं, आणि आजही 'कोलडोल्मार' घरोघरी होतात.

जेवणानंतर कॉफी हवीच. 1756 मध्ये सरकारने तिच्यावर बंदी घातली, पुढेही पुन्हा पुन्हा घातली, पण लोक काही बधले नाहीत. कॉफीच्या 'काफी' या बोलीतल्या नावाची अक्षरं उलटी केली आणि झाला 'फीका'. म्हणजे कॉफी, सोबत काही गोड आणि निवांत गप्पा. नाव फीका असलं तरी कॉफी चांगली कडक असते बरं का! नमस्कार.