गोधडीतले तांदूळ

नमस्कार श्रोतेहो. विषय जंतांच्या औषधाचा, आणि मी पडलो जनावरांचा डॉक्टर. तेव्हा सुरुवात मोत्यापासून.

लालबागच्या एका चाळीतल्या काकू मोत्याला घेऊन आल्या. तो गॅलरीभर ढुंगण घासत फिरायचा. तपासत होतो, तर काकूंचं सुनेवरच चाललेलं. "गोधडीत बसून भात खाते हो! विचारलं तर नाही म्हणते." पुरावा म्हणून त्यांनी आगपेटी उघडली. आत पाच-सहा तांदूळ. चार वाळलेले, पिवळट. पाचवा मात्र आखडला, लांबला आणि आगपेटीच्या कडेला निघाला.

"काकू, तुमचा तांदूळ चालतोय."

काकू मटकन बाकावर बसल्या. गोधडीवर मोत्या झोपायचा. ते दाणे म्हणजे त्याच्या पोटातल्या चपट्या जंताचे सुटलेले तुकडे, आत अंडी भरलेले.

औषध प्राझिक्वान्टेल. पण ते वजनावर द्यायचं, आणि आमचा काटा बिघडलेला. काकूंचा मुलगा मोत्याला चादरीत गुंडाळून करी रोड स्टेशनवर गेला. तिथल्या रंगीत दिव्यांच्या यंत्रावर आधी कुत्र्यासकट उभा राहिला, मग एकटा. ७६ वजा ६२, म्हणजे १४ किलो. तिकिटावर भविष्य आलं, 'लवकरच शुभवार्ता'. (ती यंत्रं हल्ली फारशी दिसत नाहीत. रुपयात वजन आणि भविष्य दोन्ही मिळायचं. आता मोबाइल नुसती पावलं मोजतो.)

दहा किलोला एक, या हिशेबाने दीड गोळी दिली. अर्धी उरली. काकू म्हणाल्या, "ही नातवाला देऊ? त्यालाही जंत आहेत."

नाही! पुन्हा सांगतो, जनावराची गोळी जनावराला, माणसाची माणसाला. आणि घरातल्या दोन कुत्र्यांनाही एकच औषध चालेल असं नाही. आयव्हरमेक्टिन हे जंतांचं दुसरं एक औषध बऱ्याच जनावरांना चालतं, पण कॉली जातीच्या काही कुत्र्यांच्या ते थेट मेंदूत जातं, जिवावर बेततं.

दुसरं, पिसवा मारा. हा जंत पिसवेतून येतो. कुत्रा अंग चावताना पिसू गिळतो आणि जंत पोटात. गोळी दिली, पिसवा राहिल्या, की महिन्याभरात तांदूळ परत. गोधडीवर लोळणाऱ्या पोराच्या तोंडात पिसू गेली तर त्यालाही हाच जंत होतो. म्हणून पुन्हा सांगतो, गोळी आणि पिसवा, दोन्ही एकदम.

पंधरा दिवसांनी काकू भेटल्या. विचारलं, सुनेची माफी मागितलीत का? म्हणाल्या, "माफी कसली? गोधडी तिलाच धुवायची होती ना!"

वेळ संपत आली. नातवाचे जंत बहुधा वेगळे, मातीतून आलेले. काहींची अंडी न धुतलेल्या भाजीतून, हातातून पोटात जातात. अंकुशकृमी (हुकवर्म) तर अनवाणी पायाच्या कातडीतून शिरतो, रक्त पितो, पोर पांढरंफटक पडतं. त्यांवर अल्बेंडाझोल. त्याने जंताला साखर शोषता येत नाही, तो उपाशी मरतो. १० फेब्रुवारीला, जंतनाशक दिनी, शाळा-अंगणवाडीत १ ते १९ वर्षांच्या मुलांना ही गोळी फुकट मिळते. ४०० मिलिग्रॅमची, दोन वर्षांखालच्यांना अर्धी. मोठ्यांना चावून खायला लावा, अगदी लहानग्यांना चुरून पाण्यातून द्या. पोर त्या दिवशी तापाने घरी असेल तर घाबरू नका, राहिलेल्यांसाठी आठवड्याभरात पुन्हा एक दिवस ठेवलेला असतो. बाईंना विचारून घ्या.